विदूषक कुणापुढे पडतो, यावर सगळं अवलंबून

शहरातल्या एका वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या तरुण कार्यकर्तीचा प्रश्न आहे. त्यांच्या गटाच्या पथनाट्यात विदूषक घ्यायचं चाललंय. त्याने माणसं आणि समाज खरंच बदलतात का, की तो नुसता गर्दी जमवायला? आणि इतर देशांत, इतर संस्कृतींत याचा काय अनुभव आहे?

आधी सरळ उत्तर देतो. विदूषक कुणालाही बदलत नाही. तो चारचौघांत स्वतः हरून दाखवतो. ते बघून समोरच्याची हरण्याची भीती घटकाभर ओसरते, आणि तेवढ्या वेळात तो माणूस कधी कधी एरवी केलं नसतं असं काहीतरी करून बसतो. विदूषकाच्या हातात एवढंच असतं. ती घटका पुढे कुणाच्या कामी येते हा वेगळा प्रश्न, आणि तुमच्या कामात खरा प्रश्न तोच आहे.

मी बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डांत लाल नाक लावून फिरतोय. त्याआधी आठ वर्षं लोकनाट्यात होतो. वॉर्डातल्या पहिल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांचा मुलगा, मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून वर टांगलेला. मी जय्यत तयारीनिशी गेलो होतो: तीन चेंडू, फुगे, पिपाणी, दोन जादू. पंधरा मिनिटं सगळं करून पाहिलं. पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं. शेवटी घामाघूम होऊन निघालो, तर दाराशी सलाइनच्या स्टँडवर धडकलो. ठरवून नाही, खरोखरच धडकलो. पोरगं वळलं आणि म्हणालं, "परत कर."

मी परत धडकलो. त्याने अकरा वेळा धडकायला लावलं. मध्येच सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, तर त्यांना हुकूम सोडला, "आधी याला द्या." त्यांनी मला खोटं खोटं टोचलं, मी वॉर्डभर बोंब मारली. मग त्याने आपण होऊन दंड पुढे केला. त्या दिवशी चेंडू जे पिशवीत गेले, ते फार क्वचित बाहेर आले.

हसून त्याचं दुखणं पळालं, असं सांगणारे खूप भेटतील. मला ते पटत नाही. दवाखान्यात मुलाच्या हातात काहीच नसतं. कधी उठायचं, काय खायचं, अंगावरची चादर कुणी ओढायची, सगळं दुसरे ठरवतात. आत येणारा प्रत्येक जण त्याच्यापेक्षा शहाणा. अशात एक असा प्राणी येतो ज्याला दारातून धड बाहेरही पडता येत नाही. दिवसभरात पहिल्यांदा ते मूल कुणापेक्षा तरी वरचढ ठरतं. म्हणून आम्ही दारात उभं राहून "येऊ का?" विचारतो आणि मुलाने "नको" म्हटलं की खरंच निघून जातो. त्याचा दिवसभरात पाळला गेलेला तो एकुलता एक नकार असतो. नव्या लोकांना हे शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. त्यांना आत जाऊन काहीतरी "करून दाखवायचं" असतं.

नाकावरून आठवलं. मराठीत माणसाची सगळी अब्रू नाकात साठवलेली असते. नाक वर करून चालतो, नाक कापलं जातं, गरज पडली की नाक मुठीत धरून जातो. विदूषक त्याच जागी लाल बोंडूक लावतो. तुम्ही कापायच्या आधी मीच रंगवून आणलंय, असा त्याचा मामला. पॅरिसमध्ये 1956 साली नाट्यशाळा काढणारे झाक लकॉक या नाकाला जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हणायचे. विदूषकाचा धडा त्यांना सापडला तोही असाच. साठच्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना गोल बसवलं आणि एकेकाला मध्ये येऊन हसवायला सांगितलं. माकडचेष्टा झाल्या, कोट्या झाल्या, कुणी हसेना. एकेक जण हिरमुसून जागेवर परत जायला लागला, तेव्हा मात्र सगळे हसले. माझा सलाइनचा स्टँड आणि त्यांचा वर्ग, गोष्ट एकच.

पुराव्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या संस्थेत कुणीतरी विचारणारच. दवाखान्यातल्या विदूषकांचं पद्धतशीर काम न्यूयॉर्कमध्ये 1986 साली मायकेल क्रिस्टेन्सन या सर्कशीतल्या विदूषकाने सुरू केलं. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस प्रांताने तर 2015 मध्ये सरकारी दवाखान्यांच्या बालविभागांत विदूषक असावेत असा कायदाच केला. 2020 मध्ये एका नामवंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 24 चाचण्यांचा एकत्र आढावा छापला, मुलं 1,612. विदूषक असले तर मुलांची भीती आणि ताण कमी राहतो, मन बरं राहतं, या बाजूने कल दिसला. पण या चाचण्यांत मुलांना आणि आईबापांना विदूषक समोर दिसत असतो, त्यामुळे औषधाच्या चाचणीइतक्या त्या काटेकोर होत नाहीत. मला त्याहून बोलका वाटतो तो इटलीतला 2005 चा छोटा अभ्यास. ऑपरेशनच्या खोलीत भूल देताना आईबापांसोबत विदूषक असले की मुलं कमी घाबरली. तिथल्या कर्मचाऱ्यांनीही ते मान्य केलं. तरीही हा प्रकार पुढे चालू ठेवायला बहुतेकांचा विरोध होता, कारण कामात व्यत्यय येतो. फायदा पटला तरी घडी विस्कटणारा माणूस नकोसा वाटतो. हे वाक्य वस्तीत काम करताना लक्षात ठेवा.

आता संस्कृतींकडे वळू. नुसती यादी देण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: विदूषक खालची भाषा बोलतो. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा जिवलग मित्र, तरी बोलतो प्राकृत. केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात राजा संस्कृत श्लोक म्हणतो आणि विदूषक तो मल्याळममध्ये उलगडून सांगता सांगता समोर बसलेल्यांचीच हजेरी घेतो. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांच्या जागी त्याचे चार आहेत: जेवण, मौज, फसवणूक आणि राजाची चाकरी. हे व्याख्यान रात्रीमागून रात्री चालतं. आपल्याकडे दशावतारात वेद चोरणारा संकासुर भटजीशी मालवणीत हुज्जत घालतो. तमाशातला सोंगाड्या दरबारात उभा राहून गावरान बोलतो. मोठ्यांची भाषा मोठ्यांपुरती न ठेवता ती लोकांत सांडवायची, हे याचं काम. व्यसनमुक्तीच्या नाटकांतली माणसं "मद्यपानाचे दुष्परिणाम" असलं काही बोलायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या वस्तीत दारूला जे शब्द आहेत, तेच विदूषकाच्या तोंडी असू द्या.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण जावा बेटावर आहे, आणि मराठी माणसाला ते चटकन भिडतं, कारण गोष्ट महाभारताची आहे. तिथल्या वायांग या छायानाट्यात पांडवांच्या दिमतीला चार जण असतात: सेमार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग. व्यासांच्या महाभारतात यांचा पत्ता नाही. सेमार ढेरपोट्या, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. गारेंग लंगडा, पेत्रुकचं नाक हातभर लांब. जावानीज भाषेत मोठ्यांशी बोलायची एक पायरी आणि बरोबरीच्यांशी बोलायची दुसरी. सेमार देवांशीसुद्धा खालच्या पायरीनेच बोलतो. त्याला ते शोभतं, कारण हा गडी मुळात देव आहे, बतारा गुरूचा म्हणजे शंकराचा थोरला भाऊ. मध्यरात्रीच्या सुमाराला युद्ध, शाप, प्रतिज्ञा सगळं थांबतं आणि ही चौकडी पडद्यावर येऊन आजच्या बाजारभावावर, सरपंचावर, सुनांवर बोलते. एका खेळात तर पेत्रुक चक्क राजा होतो आणि भल्याभल्यांना आवरत नाही.

पण इथेच गंमत आहे. सुहार्तोंच्या राजवटीत सरकारने कुटुंबनियोजन आणि विकास योजनांचा प्रचार याच विदूषकांच्या तोंडून करवून घेतला. बाहुल्या नाचवणाऱ्या दलांगला संदेश दिला जाई आणि लोकांचा लाडका सेमार तो बोलून दाखवी. म्हणजे राजाला उलट बोलायची सवलत ज्याला शतकानुशतकं होती, त्याच्याकडून राजाचीच दवंडी. कुटुंबनियोजन वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. पण विदूषकाच्या तोंडी वरून आलेलं वाक्य घातलं की लोकांना ते लगेच कळतं. हसतात, पण त्यांचा डोळा बदललेला असतो. सरकारी योजनेच्या पैशावर पथनाट्यं करताना मी हे स्वतः केलंय, आणि समोरच्या बायकांच्या चेहऱ्यावर तो बदल पाहिलाय.

माझे थोरले मामा एका फडात सोंगाड्या होते. नारायणगावला राहुट्या पडायच्या, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या द्यायचे. मामा बोर्डावर उभे राहिले की पहिली खुर्ची अडवून बसलेल्या पाटलाची गय नसे. राजाचा हुकूम शब्दशः पाळून त्याची फजिती करायची ही त्यांची हातखंडा युक्ती. 'गाढवाचं लग्न' या वगातला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला त्यांना मी काय म्हणतो ते कळेल: एक कुंभार आपल्या गाढवासाठी राजाची मुलगी मागतो, आणि लोक हसता हसता राजाकडे बघायला लागतात. पण तमासगिरांतले बहुतेक कलावंत कोणत्या जातींचे होते हेही आठवा. रात्री राजाची पगडी उडवणारा माणूस सकाळी पाण्यासाठी वेशीबाहेर उभा. मामांना पाटील पाठीवर थाप मारून बक्षिसी द्यायचा, पंगतीला मात्र वेगळं बसवायचा. वर्षातून एक रात्र टोपी उडवू दिली की उरलेले दिवस ती डोक्यावर घट्ट बसते, हे पाटलाला नीट ठाऊक होतं.

ही साखळी कुणी मोडली? जलशांनी. सत्यशोधक समाज स्थापन झाला 1873 मध्ये. त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचा साचा उचलला, ढोलकी-तुणतुणं तेच ठेवलं आणि आतला मजकूर पालटला. भटजी-सावकाराला प्रश्न विचारणारा गडी तोच, फक्त आता त्याला पाटलाच्या बक्षिसीची गरज नव्हती. मग भीमराव कर्डक आणि इतरांचे आंबेडकरी जलसे आले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक आलं. हशा तोच होता. फरक पडला तो खेळ संपल्यावर. मामांच्या खेळानंतर लोक घरी जायचे. जलशानंतर सभा असायची, वर्गणी असायची, युनियन असायची, उद्याचं काहीतरी काम असायचं. सोंगाड्याने उघडलेल्या फटीत पाय घालून दार उघडं धरणारं कुणीतरी तिथे हजर होतं.

सत्तेला हे बरोबर कळतं. अमेरिकेच्या नैऋत्येला झुनी, होपी अशा पुएब्लो लोकांत विदूषक हे धार्मिक पद आहे. झुनींचे दहा कोयेमशी मातीचे मुखवटे घालून पवित्र नृत्यांच्या मधोमध धिंगाणा करतात, आणि गावात कोण कसं चुकीचं वागलं ते सगळ्यांसमोर करून दाखवतात. उत्तरेच्या मैदानांतल्या लाकोटांचा हेयोका सगळं उलटं करतो, उन्हाळ्यात थंडीने कुडकुडतो. गोऱ्या अधिकाऱ्यांचीही नक्कल व्हायची. 1883 पासून सरकारी नियमांनी मूळ रहिवाशांच्या अनेक नृत्यविधींना गुन्हा ठरवलं, आणि 1921 मध्ये मूळ रहिवाशांच्या कारभाराचे सरकारी आयुक्त चार्ल्स बर्क यांनी नृत्यांना आळा घालणारं नवं परिपत्रक काढलं. या विधींबद्दल बाहेरच्या माणसाने फार बोलू नये. एवढंच म्हणतो की तिथे विदूषक हा पुजाऱ्याइतकाच गंभीर माणूस आहे. मालीमध्ये कोरेदुगा नावाचा असाच एक पंथ आहे. अंगावर लाल बियांच्या माळा, खादाडपणाची सोंगं, जिभेला धार, आणि गावातली भांडणं मिटवायला बोलावणं यांनाच. 2011 मध्ये युनेस्कोने तो तातडीने जपायच्या वारशांत घातला.

आता तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण, कोलंबियाची राजधानी बोगोता. 1995 मध्ये अंतानास मोकुस हा गणित-तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक महापौर झाला. तो आधी विद्यापीठाचा कुलगुरू होता, आणि गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे पँट खाली करून उभा राहिल्यामुळे देशभर गाजला होता. रस्त्यांवर बेशिस्त इतकी की दंडाची कुणाला भीती उरली नव्हती. मोकुसचं म्हणणं, आपल्या लोकांना दंडापेक्षा हसं होण्याची धास्ती जास्त. त्याने चौकांत पांढऱ्या रंगाने तोंड रंगवलेले मूकनट उभे केले. आधी वीसेक, मग शेकडो. झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणणाऱ्याकडे ते कपाळाला हात लावून बघत, सिग्नल तोडून पळणाऱ्याच्या मागे त्याच्याच चालीने चालत. दंडाची पावती नाही, शिवी नाही, कारण तोंडातून शब्दच नाही. जोडीला नागरिकांना साडेतीन लाख कार्डं वाटली, एका रंगावर अंगठा वर, दुसऱ्यावर खाली, ती एकमेकांना दाखवायची. साधारण दहा वर्षांत शहरातले रस्ते अपघातांचे बळी निम्म्याहून कमी झाले.

हे श्रेय एकट्या मूकनटांना देऊ नका. त्याच काळात रात्री बार लवकर बंद करायचा नियम आला, नवी बससेवा आली, इतरही बरंच झालं. पण मला त्यातली कारागिरी महत्त्वाची वाटते. नट गाडीवाल्याला चिडवायचा, पण हसत होता सगळा चौक.  चूक करणाऱ्याला सुटायची वाट ठेवलेली होती. शिवाय नक्कल व्हायची ती चुकीच्या कृतीची. माणूस गरीब आहे, काळा आहे, लंगडा आहे यावर नाही.

आपलं घोडं इथेच पेंड खातं. मामांबद्दल मला कितीही जिव्हाळा असो, त्यांच्या बतावणीतले निम्मे विनोद बायकांवर, तृतीयपंथी लोकांवर, बहिऱ्या-आंधळ्यांवर होते. पाटलावरच्या एका विनोदाची फेड खालच्यांवरच्या चार विनोदांनी व्हायची, आणि टाळ्या चारांनाच जास्त पडायच्या. विदूषक खाली बघून हसायला लागला की गर्दीला फुकटची ताकद मिळते, आणि बदल उलट्या दिशेला जातो. तुमच्या पथनाट्यात झिंगत येणारा बेवडा असणारच, मी न वाचता सांगतो. पोरं खिदळतील. ज्याच्या घरी तसा बाप आहे ते पोर मागे सरकून घरी निघून जाईल, आणि ज्या बापासाठी तुम्ही नाटक करताय तो कोपऱ्यावर उभा राहून आपल्यावर हसणारी गल्ली बघेल. त्या रात्री तो जास्त पिईल. हे माझ्या गटाच्या हातून घडलेलं आहे, म्हणून इतकं ठाम बोलतोय.

मग आम्ही उलटं केलं. विदूषक दारू पीत नव्हता. त्याला समोसा सोडायचा होता. सकाळी शपथ, दुपारी "एकच", संध्याकाळी बायकोपासून लपवून, रात्री रडून पुन्हा शपथ. दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र त्याला प्रेमाने अर्धा समोसा भरवतात, "अरे आज वाढदिवस आहे". दारूचं नावही नाही. तिसऱ्या प्रयोगाला मागून एक आवाज आला, "त्याला त्या टपरीवरून जाऊच देऊ नका, दुसऱ्या गल्लीने न्या." बोलणारा कोण होता ते वस्तीला माहीत होतं. विदूषकाने त्यालाच विचारलं, "कुठल्या गल्लीने? मला रस्ते समजत नाहीत, दाखवता का?" तो पुढे आला आणि दाखवायला लागला. हसण्यात कुणाचंच नाक गेलं नाही, फक्त आमचं गेलं, आणि ते लालच होतं.

तुमच्याकडे यानंतर काय असेल ते आधी ठरवा. त्या माणसाशी दुसऱ्या दिवशी बोलायला कोण जाणार, मद्यमुक्तांची बैठक किती वाजता, डॉक्टर कुठल्या वारी. ते नसेल तर विदूषक घेऊ नका. उघडलेल्या फटीतून माणूस वाकून आत बघतो, तिथे कुणीच नसलं तर पुढच्या वेळी तो वाकत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. तोंडभर रंग फासू नका. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने दवाखान्यांच्या सजावटीबद्दल 250 हून जास्त मुलांना विचारलं होतं, आणि विदूषकांची चित्रं मुलांना अजिबात आवडत नव्हती. रंगाखाली माणूस दिसला नाही की भीती वाटते. दुसरं, विदूषक होणारी व्यक्ती तुमच्यातली सगळ्यात विनोदी असायची गरज नाही. सगळ्यांसमोर फजिती झाली तरी जी व्यक्ती तोंड लपवत नाही, तिला निवडा. बहुतेक गटांत अशी एखादी असते, आणि तिला आजवर पडदा ओढायचं काम दिलेलं असतं.

सुरुवातीचे काही दिवस नाक खिशातच ठेवा. वस्तीत जा, चहाच्या टपरीवर बसा, कॅरम खेळा आणि हरा. मनापासून खेळा, हरायचं तर आपोआप होईल, तिथली पोरं सराईत असतात. चारपाच दिवसांनी कुणीतरी "काय ओ, आज पण हरायला आलात?" म्हणून हाक मारेल. मग नाक काढा.